क्लार्कच्या एका वाक्यातले सात शब्द

प्रश्न असा आहे: "मी बी.एस्सी. बी.एड. आहे. घाटकोपरच्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित-विज्ञानासाठी बोलावलं होतं. ऑफिसमधले क्लार्क म्हणाले, 'संच मान्यतेत पद बसलं की तुमचं प्रपोजल पाठवू, वैयक्तिक मान्यता आली की शालार्थ निघेल. तोवर तासिकेवर या, आणि टाचण सोमवारपासून दाखवा.' मी मान डोलावून बाहेर आले. त्यातलं मला फक्त 'सोमवार' कळलं. या क्षेत्रातल्या नेहमीच्या शब्दांची अर्थांसह यादी कुणी देईल का?"

ताई, हसू आलं, पण तुम्हाला नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मीही अशीच मान डोलावली होती आणि ती मला महागात पडली. ते पुढे सांगते. परळच्या एका अनुदानित शाळेत शिकवून, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका राहून मी निवृत्त झाले. दरम्यान बी.एड.च्या पुष्कळ छात्राध्यापिका सरावासाठी माझ्या वर्गात येऊन गेल्या. सूक्ष्म अध्यापनातलं 'सज्जता प्रवर्तन कौशल्य', म्हणजे मुलांना पाठासाठी तयार करण्याची हातोटी, त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. संच मान्यता म्हणजे काय, हे मात्र एकीलाही सांगता आलं नाही. कॉलेजात ते कुणी शिकवतच नाही.

यादी मी देत नाही, कारण यादी पाठ करूनही तुम्ही पुन्हा मानच डोलवाल. क्लार्कच्या वाक्यात जड शब्द सात आहेत, पण तुमचं भवितव्य 'बसलं की' आणि 'तोवर' या साध्या शब्दांवर टांगलेलं आहे. पद अजून बसलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. तुम्हाला ते ऐकूच आलं नाही, कारण लक्ष जड शब्दांकडे होतं. म्हणून प्रत्येक शब्द ऐकताना एकच विचारा: हा शब्द कुणाबद्दल आहे? माझ्याबद्दल, शाळेतल्या खुर्चीबद्दल, की वर्गातल्या मुलाबद्दल? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी एक मान्य करते. मी सांगते ते बरंचसं शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, म्हणून पदसंख्येपासून पगारपत्रकापर्यंत सरकारची नजर असते. अंशतः अनुदानित शाळेत अनुदान टप्प्याटप्प्याने येतं, त्यामुळे तिथल्या शिक्षकाला पगार विचारला तर तो रकमेऐवजी टक्के सांगतो. २०१२ च्या कायद्याखालच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांत सगळा पैसा संस्थेचा. तिथे शालार्थ वगैरे शब्द कानावरही पडणार नाहीत. महापालिकेच्या शाळांचं प्रशासन निराळं, तिथे विभाग निरीक्षक आणि प्रशासकीय अधिकारी असतात. तुमची शाळा अनुदानित आहे, असं धरून पुढे लिहिते. मात्र ज्या तुकडीवर तुम्हाला घेतायत ती तुकडीही अनुदानित आहे ना, हे वेगळं विचारा. एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात.

आता खुर्चीबद्दलचे शब्द. संच मान्यता म्हणजे या शाळेला यंदा किती शिक्षक मंजूर आहेत, याचा शिक्षण विभागाचा कागद. तो ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतो, आणि अलीकडे पटावरच्या मुलांचं आधार जुळतं की नाही हेही त्यात पाहतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक असं प्रमाण आहे. राज्य सरकारचे निकष त्याच्या आधाराने निघतात आणि मधूनमधून बदलतातही. म्हणजे मुलं घटली की पद जातं. मुंबईत मराठी शाळांचा पट कसा चाललाय, ते तुम्हाला सांगायला नको. गिरगाव, दादर, परळ इथल्या शाळांत जूनमध्ये शिक्षक चाळीचाळींतून मुलं गोळा करत फिरतात, ते याच कागदासाठी.

पट घटून पद गेलं की त्या पदावरचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. त्याची नोकरी जात नाही. दुसऱ्या शाळेत रिकाम्या पदावर त्याचं 'समायोजन' होतं. तुमच्यासाठी महत्त्वाचं ते इथेच आहे. उद्या घाटकोपरच्या शाळेत गणिताचं पद बसलं, तरी त्यावर आधी अतिरिक्त यादीतला कुणी पाठवला जाऊ शकतो. शाळेला तुम्ही कितीही आवडलात तरी त्या पदावर पहिला हक्क तुमचा नसतो.

शिवाय अनुदानित शाळेतली शिक्षण सेवकाची (म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाची) भरती आता पवित्र पोर्टलमार्फत, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, होते. शाळेने त्यावर जाहिरात द्यायची, टीएआयटी या चाचणीच्या गुणांवर उमेदवार सुचवले जायचे, मग खासगी संस्थेने मुलाखत घेऊन निवड करायची. क्लार्कच्या वाक्यात पवित्रचा उल्लेखच नाही, याने माझे कान टवकारले. संस्था अल्पसंख्याक असेल तर नियम वेगळे असू शकतात, म्हणून लगेच कुणावर संशय घेत नाही. पण "या पदाची जाहिरात पोर्टलवर आहे का?" हे विचारल्याशिवाय सोमवारी वर्गात पाऊल टाकू नका.

प्रपोजल आणि वैयक्तिक मान्यता या शब्दांनी खुर्चीवर तुमचं नाव चढतं. संच मान्यता पदाला असते, वैयक्तिक मान्यता माणसाला. शाळा एक फाइल तयार करते: जाहिरात, बिंदुनामावली (म्हणजे आरक्षणाचा कोणता बिंदू कुणासाठी याचा तक्ता), निवडीचा ठराव, नियुक्ती आदेश, तुमचा रुजू अहवाल, पदव्या, जातीचे दाखले. मुंबईत माध्यमिक शाळेची ही फाइल शिक्षण निरीक्षकांकडे जाते. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी तीन कार्यालयं आहेत. मान्यता आली की शिक्षण उपसंचालक कार्यालयातून शालार्थ आयडी मिळतो. शालार्थ ही पगाराची संगणकप्रणाली आहे. आयडी नसेल तर पगार काढणाऱ्या पे युनिटच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचं प्रकरण केवढं गाजलं, ते वाचलं असेल. आयडीच्या मागे खरी मान्यता नसेल तर काय होतं, ते तिथे दिसलं. म्हणून "आयडीचं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर आधी मान्यतेच्या पत्राचा जावक क्रमांक मागा.

राहिलं 'तासिकेवर'. माझी मान डोलावण्याची गोष्ट इथली. पहिल्या नोकरीत मला नियुक्तिपत्र मिळालं, मी पेढे वाटले, सात महिने जीव तोडून शिकवलं. डोक्यात पक्कं होतं की परिविक्षा (प्रोबेशन) सुरू झाली, दोन वर्षांत कायम होणार. आठव्या महिन्यात एक बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि मला निरोप मिळाला. पत्र काढून पाहिलं तर दुसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, 'रजेच्या कालावधीपुरती'. शाळेने फसवलं नव्हतं. मीच पहिली ओळ वाचून थांबले होते. ते सात महिने पुढे कशातच धरले गेले नाहीत.

तेव्हा नियुक्ती कोणत्या प्रकारची आहे, हे शब्दशः वाचा. रजा कालावधीतली, घड्याळी तासिका तत्त्वावरची, शिक्षण सेवक आणि नियमित, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घेतलेत तेवढ्याचे पैसे. मे महिना कोरडा. त्यातही मंजूर तासिका आणि संस्थेने स्वतःच्या खिशातून दिलेल्या तासिका असा फरक असतो. शिक्षण सेवक म्हणजे मंजूर पदावर तीन वर्षं ठराविक मानधन आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. ही योजना २००० सालापासूनची. मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये झालं. खासगी शाळांतल्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमात आणि १९८१ च्या नियमावलीत आहेत. स्टाफरूममध्ये 'एमईपीएस' म्हणतात ते हेच. पुस्तक विकत घ्या. युनियनच्या माणसाला फोन करण्याआधी स्वतः वाचलेलं बरं.

इथवरचं एकदा जुळवून बघा: पद बसतं संच मान्यतेत, पदासाठी माणूस येतो पवित्रमधून, माणसाला मान्यता मिळते निरीक्षकांकडून, पगार निघतो शालार्थमधून. क्लार्कनी क्रम बरोबर सांगितला, फक्त दुसरी पायरी गाळली.

तुमच्याबद्दलचे शब्द दोनच आहेत, पण ते इतके सारखे वाजतात की लोक वर्षं घालवतात. टीईटी ही पात्रता परीक्षा: दीडशे गुण, साठ टक्क्यांना पास, आरक्षित प्रवर्गांना सवलत. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षांनी शिळं व्हायचं, २०२१ पासून ते आजन्म चालतं. टीएआयटी म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची. तिच्यात पास-नापास नाही, फक्त तुमचा नंबर लागतो. टीईटी दार उघडते, टीएआयटी रांगेतली जागा ठरवते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी रमतगमत झाली आहे, तेव्हा फॉर्म निघाला की "पुढच्या वेळी बघू" म्हणू नका.

"नववी-दहावीला टीईटी लागत नाही" हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते खरं आहे, पण मुंबईच्या माध्यमिक शाळा बहुधा पाचवी ते दहावी अशा असतात, आणि वेळापत्रकात नव्या बाईंच्या वाट्याला सहावी-सातवी येते. तुमचं पद कोणत्या गटात आहे, त्यावर हे ठरतं. बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे, तिथे डी.एल.एड. लागतं, ज्याला तुमची आई अजून डी.एड.च म्हणत असेल. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं. पाचपेक्षा कमी असेल तर नोकरी चालू राहते, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. स्टाफरूममध्ये पन्नाशीच्या बाई बालमानसशास्त्राचं गाइड घेऊन बसलेल्या दिसल्या तर त्यामागचं कारण हे. त्यांच्याशी दोस्ती करा, अभ्यासाला सोबत होईल.

आता टाचण. सोमवारी तुम्हाला खरोखर लागणार आहे ते हेच, आणि माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात मुलाबद्दल बोलणारी ही एकच वही आहे. वार्षिक नियोजन, त्याखाली घटक नियोजन, आणि उद्याच्या तासाचं ते टाचण. बी.एड.ला तुम्ही लिहिलेला पाठ आठ-दहा पानांचा असेल. टाचण अर्ध्या पानाचं असतं. त्यात घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, अध्ययन अनुभव, साधन आणि मूल्यमापन असे रकाने असतात.

यातली 'अध्ययन निष्पत्ती' भल्याभल्यांना अडकवते. आमच्या वेळी उद्दिष्टं आणि त्यांची स्पष्टीकरणं असायची: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. उद्दिष्ट म्हणजे मला काय साधायचं आहे, निष्पत्ती म्हणजे तास संपल्यावर मूल काय करून दाखवेल. माझ्याकडे आलेली एक छात्राध्यापिका पाचवीच्या 'वेळ' या पाठाला लिहून घेऊन आली, 'विद्यार्थ्यांना कालमापनाची माहिती होईल.' मी विचारलं, माहिती झाली हे तुला दिसणार कुठून? तिने खोडून लिहिलं, 'विद्यार्थी दोन वेळांमधला फरक तासमिनिटांत काढतो.' आता हे दिसतं, तपासता येतं.

मग तिने उदाहरण घातलं: कुर्ल्याहून गाडी ८.१२ ला सुटली, कल्याणला ९.०५ ला पोचली, किती वेळ लागला? वर्गातल्या अकरा मुलांनी ९३ मिनिटं लिहिलं. ती हिरमुसली, मी खूश झाले. मुलांनी ९०५ मधून ८१२ वजा केले होते. वजाबाकी बिनचूक होती. तास साठाचा असतो हे मात्र हातच्यात उतरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही जुनं भिंतीवरचं घड्याळ आणलं. ८.१२ पासून ९ पर्यंत काटा फिरवला: ४८ मिनिटं. वर आणखी ५. त्रेपन्न. रोज आईबरोबर लोकलने येणारा एक मुलगा मागून ओरडला, "बाई, पण ती गाडी कधीच टायमावर नसते!"

हा झाला आकारिक मूल्यमापनाचा अर्थ: मूल घडत असतानाच बघणं आणि त्याप्रमाणे उद्याचा तास बदलणं. सत्राच्या शेवटी लेखी पेपर असतो ते संकलित. तिथे त्या अकरा मुलांना दोनपैकी शून्य मिळालं असतं आणि चूक कुठे झाली ते कुणाला कळलं नसतं. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० आणि संकलितचा ३०. मग तो उतरत सातवी-आठवीला ४० आणि ६० होतो. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षाही आली आहे. आकारिकच्या साधनतंत्रांची यादी तुम्हाला छापील मिळेल: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. बऱ्याच शाळांत मार्चच्या शेवटी सगळे रकाने एका बैठकीत भरले जातात, हे तुम्ही बघालच. मी मुख्याध्यापिका असताना तो प्रकार पुरता बंद करू शकले नाही, हेही कबूल करते.

'ज्ञानरचनावाद' हा शब्द भिंतीवर रंगवलेला दिसेल. मूल आधीच्या अनुभवाला नवं जोडून स्वतः ज्ञान उभं करतं, एवढाच त्याचा गाभा. २०१५ च्या सुमारास प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, राज्यभरातून शिक्षक साताऱ्याचं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा एक गट) बघून आले, आणि परत येऊन पुष्कळांनी वर्गाच्या फरश्या रंगवल्या. कुमठ्यातल्या शिक्षकांनी केलेलं काम फरशीवर नव्हतं, मुलांना बोलू देण्यात होतं. त्या अकरा मुलांना "९३ कसं आलं ते सांग" असं विचारणं हा ज्ञानरचनावाद. त्याला रंग लागत नाही.

प्रशिक्षणाच्या शब्दांवर फार वेळ घालवू नका. निष्ठा, दीक्षा, निपुण ही केंद्राच्या कार्यक्रमांची आणि पोर्टलची नावं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला पन्नास तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे, म्हणून लिंक येत राहतील. 'सुलभक' म्हणजे प्रशिक्षण देणारा. त्यालाही आदल्याच आठवड्यात वरून प्रशिक्षण मिळालेलं असतं, जरा दया दाखवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की यातलं कुठलंही प्रमाणपत्र टीईटीची जागा घेत नाही. आणि कुणी 'चटोपाध्याय लागलं' म्हणून पेढे वाटले तर गोंधळू नका. ती बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांच्या नावाने ओळखली जाणारी. चोवीस वर्षांनंतरची ती निवड श्रेणी. दोन्हींसाठी ठराविक प्रशिक्षण लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रमाणपत्रांची एक फाइल घरी ठेवा.

सोमवारी जाल तेव्हा क्लार्कना, आवाज न चढवता, तीन गोष्टी विचारा: चालू वर्षाच्या संच मान्यतेत गणित-विज्ञानाचं पद रिक्त दिसतं का, त्याची जाहिरात पवित्रवर आहे का, आणि तासिकांचे पैसे कोण देणार. तिन्हींची उत्तरं 'नाही', 'नाही' आणि 'संस्था' अशी आली, तरी अनुभव म्हणून शिकवायला माझी हरकत नाही. तीन-चार महिन्यांत वर्ग हाताळायला शिकाल. पण मग ती नोकरी मिळाली असं घरी सांगू नका, टीएआयटीचा अभ्यास चालू ठेवा आणि लेखी आदेशाची दुसरी ओळ वाचा. पहिलं टाचण लिहून झालं की त्याचा फोटो इथे टाका, मुलांची आणि शाळेची नावं झाकून. निष्पत्तीच्या रकान्यातली क्रियापदं मी बघून देईन.